माऊची पुस्तकं आणि आबांची खळ

माझ्या नणंदेला सातवा महिना चालू आहे आणि परवा फोनवर बोलता बोलता तिने विचारलं, वहिनी, माऊला पुस्तकांचं एवढं वेड कसं लागलं गं, तू नेमकं काय केलंस ते मला एकदा नीट सांग. मी दोन चार गोष्टी सांगितल्या, मग कुकरची शिट्टी झाली, मग माऊ उठली आणि बोलणं तिथंच राहिलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात तेच चालू होतं, कारण मी तिला फक्त पुस्तकांची नावं सांगितली होती आणि माऊच्या बाबतीत खरं काम केलंय ते घरातल्या माणसांनी. त्यातही माझ्यापेक्षा माझ्या बाबांनी आणि सासूबाईंनी. म्हणून म्हणलं सगळं लिहूनच काढू, तिलाही पाठवता येईल आणि अजून कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

माऊ म्हणजे आमची लेक, आता दोन वर्षं आठ महिन्यांची. खरं नाव वेगळं आहे पण घरात तिला माऊच म्हणतात आणि त्याचा पुस्तकाशी संबंध आहे तो पुढे येईल. आम्ही नाशिकला राहतो. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याजवळच्या एका गावातल्या, आणि घरात अजूनही अहिराणीच बोलतात. माझे बाबा, म्हणजे माऊचे आबा, नाशिकरोडला असतात आणि दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन येतात. बाबांनी ३१ वर्षं एका छापखान्यात बायंडिंगचं काम केलं. माझ्या लहानपणी आमच्या घरात पुस्तकं कमी आणि फर्मे जास्त असायचे, फर्मा म्हणजे तो मोठा छापील कागद ज्याची घडी घातली की सोळा पानं होतात, एका बाजूने छापून वाया गेलेले फर्मे बाबा घरी आणायचे आणि आम्ही बहिणी मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढत बसायचो. त्या शाईचा वास मला अजून आवडतो.

तर सुरुवात. माऊ दीड महिन्याची असताना मी एका जाड पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने मोठमोठ्या आकृत्या काढल्या होत्या, एक गोल, एक मासा, पट्टे, एक डोळे असलेला चेहरा. कारण एवढ्या लहान बाळाला २० ते ३० सेंटीमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं आणि फिक्या रंगांपेक्षा काळं पांढरं लवकर कळतं. मांडीवर घेतलं की आपला चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो, म्हणून मी पुठ्ठा माझ्या चेहऱ्याशेजारी धरायचे आणि मासा मासा मासा असं काहीतरी गुणगुणायचे. ती बघायची, कंटाळली की मान वळवायची, आणि मान वळवली की मी थांबायचे. एवढंच. याला वाचन म्हणायचं का मला माहीत नाही पण मांडी, आवाज आणि समोर काहीतरी धरलेलं ही जोडी तिथून बसली असं मला मनापासून वाटतं.

मग आला चावण्याचा काळ. चार पाच महिन्यांपासून सगळं तोंडात. माझ्या मैत्रिणीने एक जाड पानांचं छोटं पुस्तक दिलं होतं त्याचे चारही कोपरे माऊने चघळून चघळून मऊ केले, पुठ्ठ्याचे थर सुटले. तेव्हा मला काही वाटलं नाही कारण ते पुस्तक मला खेळण्यासारखंच वाटायचं. खरी परीक्षा झाली ती ती अकरा महिन्यांची असताना. मी हौसेने पहिलं "खरं" पुस्तक आणलं होतं, पातळ पानांचं, मोठ्या चित्रांचं, त्यात एका पानावर एक माकड फांदीला लटकून आंबा खातंय. तिला ते पान इतकं आवडलं की तिने माकडाला दोन्ही हातांनी पकडलं आणि ओढलं. पान वरपासून जवळजवळ खालपर्यंत फाटलं, माकडाचं डोकं एकीकडे आणि शेपूट एकीकडे.

माझ्या तोंडून जोरात "अगंऽऽ" निघालं. ती दचकली आणि रडायला लागली. मी तिच्या हातातनं पुस्तक काढून घेतलं आणि कपाटाच्या वर ठेवून दिलं. मला तेव्हा हेच बरोबर वाटत होतं. आपण सगळे असेच वाढलोय ना, पुस्तकाला पाय लागला की लगेच हात लावून कपाळाला लावायचा, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांची पूजा करायची, जूनमध्ये नवी पुस्तकं आली की आधी खाकी कव्हर आणि मगच हात लावायचा. पुस्तक म्हणजे विद्या आणि विद्या फाडायची नसते. मला आजही पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार केल्याशिवाय राहवत नाही आणि ते माऊनेही शिकावं असं वाटतं. पण अकरा महिन्यांच्या बाळाला यातलं काय कळणार? तिच्यासाठी घडलं ते एवढंच की आवडती गोष्ट धरली, आई ओरडली, आणि ती गोष्ट गेली.

पुस्तक तीन आठवडे कपाटावर होतं. त्या तीन आठवड्यांत मी दुसरी दोन पुस्तकं तिच्यासमोर धरली तर ती माझ्या तोंडाकडे बघायची, पानाकडे नाही. ते बघणं मला आजही आठवलं की पोटात तुटतं.

एका रविवारी बाबांनी विचारलं, ते माकडाचं पुस्तक कुठंय. मी सांगितलं फाडलं तिने म्हणून वर ठेवलंय. बाबा म्हणाले, "अगं फाटलं तर मी कशाला आहे?" आणि मैदा मागितला.

आता हे मी जरा सविस्तर सांगते कारण आमच्या घरात तिथून पुढे सगळं बदललं. बाबांनी छोट्या पातेलीत दोन चमचे मैदा घेतला, गार पाण्यात कालवला, गुठळी राहू दिली नाही, मग अजून पाणी घालून मंद गॅसवर ठेवून ढवळत राहिले, पांढरं दूध होतं ते हळूहळू दाटसर, जरा पारदर्शक होईपर्यंत. ही खळ. छापखान्यात या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. बाबांनी ते टाकलं नाही कारण मोरचूद विषारी आणि माऊ पान तोंडात घालणार हे नक्की. म्हणून आमची खळ दर वेळी ताजी करावी लागते, दोन दिवसांत तिला आंबूस वास यायला लागतो.

मी सेलोटेप आणून दिली तर त्यांनी बाजूला सरकवली. म्हणाले टेप दोन वर्षांत पिवळी पडते, कडक होते, तिचा डिंक पानावर राहतो आणि मग टेपच्या कडेनेच पान पुन्हा फाटतं. त्यांनी संक्रांतीचा उरलेला पांढरा पतंगाचा कागद मागितला. त्याची बोटभर रुंद पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडून काढली, कारण हाताने फाडलेल्या कडेला बारीक तंतू सुटतात आणि ते खळीत भिजून पानात मिसळून जातात, कापलेली कड मात्र वर उभी राहते. मग माकडाची दोन्ही टोकं जुळवली, आधी डोळा जुळवला मग फांदी, बोटाने खळ लावली, पट्टी ठेवली, मधनं बाहेर अशी बोटं फिरवून हवा काढली. दोन्ही बाजूंनी बटरपेपर घातला म्हणजे शेजारची पानं चिकटू नयेत, आणि वर पाटा ठेवला.

हे सगळं होताना माऊ बाबांच्या मांडीत बसून बघत होती. खळीत बोट घालून चाटूनही झालं. संध्याकाळी पाटा काढला, पान उघडलं, माकड परत अख्खं. चिकटवलेल्या जागी जरा जाडसर रेघ उरली होती, हात फिरवला की जाणवेल अशी. माऊने त्या रेघेवरनं बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि मग बाबांच्या तोंडाकडे बघून हसली. मी ते पुस्तक परत कपाटावर ठेवलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे पुस्तकं खालीच असतात. द्राक्षाचं एक रिकामं क्रेट आणलं, नाशिकला त्याला काय तोटा, स्वच्छ धुतलं, वाळवलं, आणि भिंतीला लावून त्यात आठ दहा पुस्तकं उभी करून ठेवली, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. हे महत्त्वाचं आहे हं, कपाटात आपण ठेवतो तशी कणा बाहेर करून ठेवली तर एवढ्या लहान मुलाला काहीच दिसत नाही, सगळ्या नुसत्या पट्ट्या. माऊ रांगत जायची, क्रेटमधनं एक पुस्तक ओढायची, बाकीची सगळी तिच्या अंगावर, आणि तेच एक घेऊन माझ्याकडे. सगळी पुस्तकं एकदम ठेवायची नाहीत, थोडी आत ठेवायची आणि पंधरा दिवसांनी बदलायची, मग जुनं पुस्तकही नवं होतं.

फाडणं लगेच थांबलं नाही, पण कमी होत गेलं, आणि त्यात माझं कर्तृत्व काही नाही, हात वळायला लागले तसं ते आपोआप झालं. वर्षाच्या आसपास जाड पानं उलटता येतात, पातळ पान एकेक सुटं करून उलटायला दीड दोन वर्षं जावी लागतात. तोवर जे फाटतं ते बहुतेक वेळा उलटताना फाटतं, मुद्दाम नाही. फाटलं की माऊ ते पुस्तक वेगळं काढून दारापाशी ठेवायला लागली. आबांसाठी. रविवारी बाबा चपला काढायच्या आधीच तिच्या हातात पुस्तक, "आबा, खऽ". ळ म्हणता यायचा नाही तेव्हा.

मराठीत जाड पानांची पुस्तकं मला हवी तशी फार मिळाली नाहीत. जी दुकानात दिसायची त्यात अक्षरं, फळं, भाज्या, प्राणी, आणि प्राण्यांमध्ये जिराफ आणि झेब्रा. माऊने झेब्रा कुठं बघितलाय? तिने बघितलाय तवा, कुकर, आज्जीची काठी, गॅलरीतलं कबूतर, इडलीचं भांडं, आबांची सायकल. म्हणून बाबांनी आणि मी घरीच एक पुस्तक केलं. घरातल्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो काढले, प्रिंट काढून आणले, मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा आणि जुन्या लग्नपत्रिका एकमेकांवर चिकटवून पानं जाड केली. बाबांनी दहा रुपयांचं नाणं प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून पेन्सिलने गोलाई आखली आणि ती कापली म्हणजे कोपरा डोळ्यात जायला नको. पाठीला कापडाची पट्टी, माझ्या जुन्या कॉटनच्या ओढणीची. बारा पानं. पहिल्या पानावर माऊ स्वतः, दुसऱ्या पानावर खालच्या मजल्यावरचं मांजर.

आणि इथे ते नावाचं. तिने दुसरं पान उघडलं, मी म्हणलं ही माऊ, तिने मांजराकडे बघितलं, मग स्वतःच्या छातीवर हात मारला, "मी!" मग पहिल्या पानावर गेली, स्वतःच्या फोटोवर बोट, "मी." परत मांजर, "मी." किती तरी वेळ ती ही दोन पानं उलटसुलट करत होती, कपाळावर आठी घालून, एवढ्या गंभीरपणे की मला मध्ये बोलवेना. कागदावरचं चित्र, तोंडातला शब्द आणि जिवंत आपण या तिन्हीचा एकमेकांशी काहीतरी संबंध आहे हे ती तिचं तिचं शोधत होती. असं काही डोळ्यांसमोर घडताना बघायला मिळतं यासाठी तरी प्रत्येक घरात असं एक पुस्तक करावं असं मला वाटतं, खर्च जवळजवळ शून्य आहे.

आता सासूबाईंबद्दल. त्या चौथीपर्यंत शिकल्या आणि नंतर शेतात आणि घरात आयुष्य गेलं. अक्षर ओळख आहे पण बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सुरुवातीला त्या पुस्तक हातात घ्यायच्याच नाहीत, मला काय वाचता येतं, तूच वाच म्हणायच्या. एकदा मी आंघोळीला गेले होते आणि बाहेर आले तर माऊ त्यांच्या मांडीत, पुस्तक उघडं, आणि सासूबाई चित्रावर बोट ठेवून विचारतायत, "हाई काय शे?" माऊ काहीतरी बडबडली. त्यावर त्यांनी ती गोष्टच सुरू केली, पुस्तकात नव्हतीच ती, त्या माकडाचा बाप कुठं गेला, आंबा कुणाच्या मळ्यातला, मळ्याचा मालक काठी घेऊन आला तेव्हा काय झालं, सगळं अहिराणीत, सगळं आवाज बदलून बदलून. मी दाराआड तशीच ओल्या केसांनी उभी राहिले. मी वाचायचे ते छापलेलं वाचायचे आणि दोन मिनिटांत पुस्तक संपायचं. त्यांचं एक पान दहा मिनिटं चालत होतं.

नंतर मला कळलं की अभ्यासकांनी हीच पद्धत १९८८ साली मांडली आहे, मोठ्याने नुसतं वाचून न दाखवता मुलाला विचारत, त्याचं उत्तर वाढवत, दोघांनी मिळून गोष्ट करायची, म्हणजे मूल सांगणारं होतं आणि मोठं माणूस ऐकणारं. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन अडीच वर्षांच्या मुलांबरोबर ते करून बघितलं आणि महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग गोष्ट अशीच तर सांगतात. त्यांच्या आजीने त्यांना चिऊकाऊची गोष्ट तशीच सांगितली होती, प्रत्येक वेळी चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, पण मधली सगळी कामं त्या दिवशी घरात जी चालली असतील ती.

त्यांच्यामुळे मीही बदलले. छापलेलं वाक्य पुस्तकी असेल तर मी ते सरळ आमच्या बोलण्यातलं करून टाकते, "त्याने भोजन केले" ला "तो जेवला". कधी वाचतच नाही, नुसतं चित्र बघत बसतो, ती एखादी मुंगी शोधून काढते जी मला दहा वेळा वाचून दिसली नव्हती. आणि माऊ आता दोन भाषांत पुस्तक वाचते, माझ्याबरोबर "इथे बघ" आणि आज्जीबरोबर "आठे देख". कुणी म्हणालं गोंधळ होईल मुलीचा. झाला नाही. कुणाशी काय बोलायचं ते तिला बरोबर कळतं.

"पुन्ना" बद्दल लिहिलंच पाहिजे. पुन्ना म्हणजे पुन्हा. दीड वर्षापासून सव्वादोन वर्षांपर्यंत आमच्या घरात हा शब्द सगळ्यात जास्त वापरला गेला असेल. तेच पुस्तक, संपलं की पुन्ना, रात्री पुन्ना, सकाळी दात घासायच्या आधी पुन्ना. मी थकायचे, खरंच थकायचे, आणि नवीन पुस्तक पुढे करायचे तर ती ते ढकलून द्यायची. मग मी एक अभ्यास वाचला, इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात २०११ साली तीन वर्षांच्या मुलांबरोबर केलेला. काही मुलांना तीच गोष्ट परत परत वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी, पण नवे शब्द दोन्हीकडे तेच आणि तेवढ्याच वेळा. ज्यांनी तीच गोष्ट परत परत ऐकली त्यांना ते शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. म्हणजे गोष्ट ओळखीची झाली की मुलाचं लक्ष शब्दाकडे जायला मोकळं होतं. हे वाचल्यावर पुन्ना ऐकून मला थकवा आला तरी राग येईनासा झाला. आणि मी लक्ष देऊन बघायला लागले तर दिसलं की तिचं पुन्ना दर वेळी वेगळं असतं, एकदा ती माकड बघते, एकदा आंब्याचा चीक, एकदा नुसती माझ्या तोंडाकडे बघत असते की आता "धप्प" कधी म्हणणार.

पुस्तकं कुठून आणायची हे नणंदेने खास विचारलंय तर सांगते. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ पासूनची सरकारी संस्था, त्यांची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीतही आहे आणि किंमत खिशाला परवडणारी. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मला फार जवळची वाटतात, त्यातली घरं आपली घरं असतात, दोरीवर कपडे वाळत असतात. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी-इंग्रजी दोन्ही एकाच पानावर असलेली पुस्तकं मिळतात. आणि फुकट हवी असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींची वेबसाइट, २०१५ पासून चालू आहे, त्यावर मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चार पातळ्या केलेल्या आहेत, पहिल्या पातळीच्या गोष्टीत पानावर एखाद दोनच वाक्यं. त्यांचा परवाना खुला आहे त्यामुळे डाउनलोड करून छापायला परवानगी लागत नाही.

मी माऊला ते मोबाईलवर दाखवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षभराच्या मुलाला स्क्रीन नकोच, आणि दोन वर्षांपुढे दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तेवढा बरा. पण माझं कारण साधं होतं, मोबाईलमध्ये गोष्ट लावली की तिचं बोट लगेच पुढे सरकवायला जातं आणि दोन मिनिटांत ती गोष्ट सोडून भलतीकडे. म्हणून आम्ही गोष्टी निवडतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे कलर प्रिंट काढतो, पानाला दहा रुपये घेतो, आणि बाबा घडी घालून मधोमध तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवतात. पिना मारत नाहीत, पिन सुटून घशात गेली तर. अशी आमच्याकडे नऊ पुस्तकं झाली आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर बाबांनी पेन्सिलने तारीख घातली आहे.

काय चुकलं तेही लिहिते. जेवताना पुस्तक, हे मी करून बघितलं, घासाला एक पान. जेवण लांबलं, पुस्तकावर वरणभात, आणि वाईट हे की पुस्तक बघितलं की ती तोंड घट्ट मिटायला लागली, तिला वाटायचं आता भरवणार. आठ दिवसांत बंद केलं. दुसरं, प्रश्न विचारणं. हा कोणता रंग, हे किती, सांग ना, काकूंना सांग ना. सासूबाईंचं "हाई काय शे?" आणि माझं "हा कोणता रंग?" यात मोठा फरक होता, त्यांना खरंच ऐकायचं असायचं आणि मला बरोबर उत्तर हवं असायचं. मुलांना ते कळतं हो. तिसरं, झोपताना वाचायचंच असा हट्ट. माऊ संध्याकाळी दमलेली असते, तिची वाचायची खरी वेळ सकाळी आंघोळीनंतर, केस विंचरून घेताना. आपल्या मुलाची वेळ कोणती ते आपणच शोधायचं.

अडीच वर्षांची झाल्यावर एका प्लेस्कूलमध्ये चौकशीला गेलो होतो. तिथल्या बाईंनी विचारलं, एबीसीडी येते का, कलर्स येतात का, वाचायला काय काय सुरू केलंय? मी म्हणलं पुस्तकं फार आवडतात तिला. तर त्या म्हणाल्या आवड ठीक आहे पण रीडिंग? माऊ तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचं माहितीपत्रक उलटं धरून त्यातल्या मुलांच्या फोटोंना बोट लावून गोष्ट सांगत बसली होती. मला त्या बाईंना खूप काही सांगायचं होतं, की बाई हेच तर आहे, अक्षरं येतील, सहाव्या वर्षी येतील नाहीतर सातव्या, पण कागदात काहीतरी दडलंय आणि ते मला हवंय ही भूक आत्ता लागते. तिथे मी काही बोलले नाही, घरी येताना रिक्षात सगळं आठवत राहिलं. आम्ही ती शाळा घेतली नाही.

वाचनालयाचा अनुभव दोन्ही प्रकारचा. आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे आणि बाबा लग्नाआधीपासून सभासद, त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मला वाचनालय म्हणजे आपली हक्काची जागा वाटायची. पण नातेवाइकांकडे गेलो असताना दुसऱ्या एका गावातल्या वाचनालयात माऊला घेऊन गेले तर तिथल्या माणसाने सांगितलं, एवढं लहान मूल आत नको, आवाज होतो, पुस्तकं खराब होतात. बालविभाग होता, पण कपाटांना कुलूप. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पुस्तकं सांभाळणं हे त्यांचं काम आहे हे बायंडरच्या मुलीला कळतं. तरी वाईट वाटलं ते वाटलंच.

आणि मग भिलार. मागच्या वर्षी पाचगणीला गेलो तेव्हा मुद्दाम एक दिवस ठेवला. पाचगणी महाबळेश्वरच्या मधे स्ट्रॉबेरीचं हे गाव, मे २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय' गावावरून राज्य सरकारने कल्पना घेतली. लोकांनी आपापल्या घरातल्या खोल्या, पडव्या पुस्तकांसाठी दिल्या, कुठे इतिहास, कुठे कविता, कुठे संतसाहित्य, कुठे बालसाहित्य. जायचं, बसायचं, वाचायचं, पैसे नाहीत. आम्ही मुलांच्या पुस्तकांच्या घरात गेलो, माऊने खालच्या फळीवरचं एक पुस्तक ओढलं, मी सवयीने हात पुढे केला, तर घरातल्या मावशी म्हणाल्या, राहू द्या हो, घेऊ द्या तिला. एवढंच म्हणाल्या आणि आत भाजी निवडायला गेल्या. माऊ तासभर फरशीवर बसून होती. निघताना एका पुस्तकाचं पान कोपऱ्यात जरा फाटलेलं दिसलं, आधीचंच होतं, तर ती ते पुस्तक घेऊन दाराकडे निघाली. आबांना द्यायला.

मागच्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी, दुसऱ्या डोळ्यानेही फार बघायचं नाही, काळा चष्मा, पडून राहायचं. पहिल्या दिवशी माऊ घाबरली, लांबूनच बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कणीक मळत होते आणि आतून आवाज आला, "हाई काय शे?" आज्जीच्या आवाजातलं, पण माऊचं. जाऊन बघितलं तर ती पलंगावर चढून आज्जीच्या कुशीला टेकून बसलेली, माकडाचं पुस्तक मांडीवर, मागून पुढे पानं उलटत होती. स्वतःच विचारत होती आणि स्वतःच सांगत होती, मळा, मालक, काठी, धप्प, थोडं अहिराणी थोडं आमचं. सासूबाई डोळे मिटून हं हं म्हणत होत्या. मधेच त्यांनी हात पुढे केला, पान चाचपलं, पतंगाच्या कागदाच्या त्या जाड रेघेवर बोट थांबलं, वरपासून खालपर्यंत फिरलं. म्हणाल्या, "हं, हे माकडाचं."

"हो," माऊ म्हणाली, "पुन्ना?"